‘पोच’च्या शेवटच्या अकरा ओळी

३ मार्च, सोमवार

वही नवी, तेव्हा आरंभ तरी चांगल्या अक्षरात करतो.

सकाळी ग्रंथपाल बाई आल्या. जिना चढून धापा टाकत होत्या, पण खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच मुद्द्यावर आल्या. वाचक मंडळाची बैठक सोळा तारखेला आहे आणि त्यात बोलायचं मी. विषयही त्यांनीच ठरवून आणला होता: ‘पोच’ ही गोष्ट आणि तिच्यावरून टीव्हीसाठी केलेला भाग, यांची तुलना. चाळीस मिनिटं बोलायचं, मग प्रश्नोत्तरं.

“मीच का?”

“अहो, ती गोष्ट तुमच्या हातांनी जुळवलेली आहे. असं सांगणारा दुसरा कोण उरलाय आता?”

खरं आहे. छापखान्यात शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवणारे आम्ही पाच जुळारी होतो. चार गेले.

‘पोच’ चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या मासिकात आली. दोन वर्षांनी टीव्हीवर विज्ञानकथांची मालिका लागायची, तिच्यात तिचा भाग झाला आणि त्या रात्रीपासून सगळ्यांना ती पाठ. दूर कुठल्याशा खडकावर एक चौकी. तिथं एकटा माणूस. काम एवढंच, की रोज सकाळी बटण दाबून ‘मी आहे’ असा निरोप धाडायचा. निरोप पोचायला तीन वर्षं, ‘कळलं’ ही पोच परत यायला तीन. एक दिवस पोच येत नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चाळिसाव्या दिवशी नाही. सकाळ होते. तो बटणावर बोट ठेवतो. संपलं.

त्यानं बटण दाबलं की नाही यावरून लोकांची लग्नं मोडायची बाकी राहिली आहेत.

मासिकाचे संपादक आणि गोष्टीचे लेखक सख्खे भाऊ. छापखान्यात संपादकांना आम्ही थोरले म्हणायचो, लेखकांना धाकटे. गोष्ट छापून आली त्या आठवड्यात दोघांचं वाजलं. तेव्हापासून एका गावात राहून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

बाईंना हो म्हणून बसलो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

५ मार्च

लेकीनं टीव्हीवर तो भाग शोधून दिला. ती रुग्णालयात क्ष-किरण काढते. आज दुपारची मोकळी होती, म्हणून माझ्याबरोबर बसली. बावीस मिनिटांचा भाग. मी इतकी वर्षं तो मनात तासाभराचा करून ठेवला होता.

“बाबा, हा सहा वर्षं एकटा आहे ना? मग दाढी रोजच्या रोज कशी?”

“नायक आहे तो.”

“आणि हा डोंगर हलतोय. त्यानं पाठ टेकली तर हलला बघा.”

हलतो खरा. पुठ्ठ्याचा असावा. तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी वीस माणसं दाटीवाटीनं बसून पाहत होतो. कुणाला हलताना दिसला नव्हता. त्या काळी आम्हीच त्याला आतून टेकू दिला होता म्हणायचं.

तुलनेसाठी टिपणं केली. पडद्यावरचा माणूस तिशीचा, देखणा. गोष्टीतला पन्नाशी उलटलेला, गुडघा धरलेला. पडद्यावर मोठी खिडकी आणि तिच्यात तारे. गोष्टीत खिडकी नाही. धाकट्यांनी स्पष्ट लिहिलंय, ‘बघण्यासारखं काही नसताना खिडकी कशाला.’ पडद्यावर टेबलावर एक रोपटं ठेवलंय. प्लास्टिकचं आहे आणि तो त्याला पाणी घालतो.

शेवट मात्र दोन्हीकडे एकच. बोट, आणि काळोख.

“मग? दाबलं का त्यानं?” लेकीनं विचारलं.

“ते सांगितलेलं नाही.”

“असं कसं? लिहिणाऱ्याला तर माहीत असेलच की.”

मी पाणी प्यायला उठलो.

८ मार्च

वाचनालयातून त्या वर्षीच्या अंकांचा बांधीव खंड आणला. कागद पिवळा पडलाय, अक्षर मात्र अजून कसं उठून दिसतं. खिळ्यानं कागदात केलेला खळगा बोटाला लागतो. आताच्या छपाईत अक्षर कागदावर बसतं. तेव्हा ते कागदात बसायचं.

गोष्टीत एक जागा आहे, ती टीव्हीवाल्यांनी गाळली आणि तिथं व्हायोलिन घातलं. तो माणूस गुडघा चोळता चोळता लहानपणची शाळेतली कविता म्हणतो. कविता धाकट्यांनीच रचलेली, पण अशी की आपल्याही पुस्तकात होती असं वाटावं:

दूर टेकडीवरी दिवा तो कोण कुणास्तव लावी?
वाट न पुसता येणाराची सोबत त्याला व्हावी.

पहिल्यांदा जुळवताना माझे हात थांबले होते. जुळाऱ्याचे हात थांबत नसतात. आम्ही मजकूर वाचत नाही, अक्षरं उलटी उचलत जातो. अर्थ बोटांना लागत नाही. पण कविता आली की माझं सगळं बिघडायचं. तिसरीत आमचे मास्तर कविता शिकवायचे नाहीत, नुसती म्हणायचे. डोळे मिटून, टेबलावर बोटांनी ठेका धरून. त्यांच्या कविता मला आजही पाठ आहेत, पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत, मधल्या खोकल्यांसकट.

आणि माझ्याच बोटांतून गेलेल्या अकरा ओळींतलं एक अक्षर आठवत नाही.

आता लिहितोच. ही वही कोण वाचणार आहे.

‘पोच’ बोटापाशी संपत नाही. पुढं अकरा ओळी होत्या. धाकट्यांच्या हस्तलिखिताच्या शेवटच्या कागदावर तेवढ्याच होत्या. अंक यंत्रावर चढायची ती संध्याकाळ. बायकोचे दिवस भरत आले होते. मी त्या जुळवून पत्र्याच्या तबकात घेतल्या, पानाच्या चौकटीकडे निघालो, तोच शिपायानं दारातून हाक दिली, “वहिनींना दवाखान्यात हलवलंय, चला लवकर.” मी वळलो आणि तबक कलंडलं. अकरा ओळी फरशीवर. यंत्रवाला पलीकडून ओरडत होता, “पान द्या, पान द्या.” पुन्हा जुळवायच्या तर अर्धा तास. मी चौकटीतली शेवटची ओळ पाहिली: ‘त्यानं बटणावर बोट ठेवलं.’ वाटलं, इथं थांबते की गोष्ट. खाली वेलबुट्टीचं एक फूल बसवलं, चौकट आवळली आणि पळालो.

सकाळी सांगू म्हटलं होतं. पण सकाळी लेक झाली. तीन दिवसांनी कामावर गेलो तर अंक छापून टपालात पडलेले, आणि थोरल्यांच्या खोलीत दोघा भावांचं भांडण पेटलेलं. भिंतीला भिंत लागून आमचं काम. धाकटे म्हणत होते, “कुणाला विचारून कापल्यास?” त्या वादळात मी पामर काय बोलणार. हस्तलिखिताचा तो शेवटचा कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिला आणि धुण्यात गेला. दुसरी प्रत नव्हती.

सांडलेले खिळे तेवढे कुणीतरी वेचून, ज्याच्या त्याच्या खणात परत लावून ठेवले होते. झाडणाऱ्या म्हाताऱ्यानं लावले असावेत. भला माणूस.

महिन्याभरानं थोरल्यांनी मला खिळ्यांवरून उठवलं आणि मुद्रितं तपासायला बसवलं. माझं शुद्धलेखन चांगलं, म्हणून.

१० मार्च

थोरले रुग्णालयात आहेत. गेल्या महिन्यात अर्धं अंग गेलं. लेक तिथंच कामाला, तिनं सांगितलं, “बाबा, ते तुमची चौकशी करत होते.” म्हणून गेलो. दुसरा मजला, टोकाची दोन खाटांची खोली. भिंतीचा रंग खालपर्यंत हिरवा, खाटेच्या उंचीला खरवडलेला.

मला पाहून म्हणाले, “काय जुळारी, पाय चालतात अजून?” शब्द एका गालातून येत होते, पण खवचटपणा शाबूत.

“चालतात. डोकं थांबलंय.”

“ते कधी चालत होतं?”

खिडकीबाहेर कुणीतरी चादरी झटकत होतं.

“सोळाला बोलणार आहेस म्हणे. त्या गोष्टीवर.”

“बाईंनी गळ घातली.”

“धाकटा येणार आहे?”

“बोलावलंय त्यांना.”

“त्याला म्हणावं, एकदा ये. भांडायला ये. बोलायला नको.” श्वास घेऊन पुढं म्हणाले, “त्या अकरा ओळी. मला पाठ आहेत, जुळारी. तेव्हा एकदाच वाचल्या होत्या. म्हणून दाखवू?”

मी उठलो, सलाईनची नळी वाकलीय का पाहिली. परिचारिका नळी तपासायला आली, मी तिला दोन-चार प्रश्न विचारले. सलाईन किती वेळ चालेल, जेवण कधी देता, असलं काहीतरी. ती गेली तेव्हा थोरले माझ्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले.

थकले असावेत.

११ मार्च

धाकट्यांना सांगायचं. मग ते भावाकडे जातील. एवढं साधं आहे. उद्या.

१२ मार्च

गेलो. सांगितलं नाही.

धाकटे शाळेत विज्ञान शिकवायचे. आता एकटे राहतात. घरात सगळीकडे उघडलेली घड्याळं. दुरुस्त करतात की नुसती उघडतात कोण जाणे. मोरीतला नळ टिपटिपत होता. मी त्यावरून बोलायला सुरुवात केली आणि अर्धा तास नळावरच गेला.

“तू नळाबद्दल बोलायला दोन गल्ल्या चालत आलास?” ते म्हणाले.

“थोरल्यांना बरं नाही.”

“ऐकलं.”

“या म्हणत होते. भांडायला या म्हणाले.”

“भांडून झालंय.” ते एका घड्याळात फुंकर मारत होते. “तीन वेळा गेलो होतो तेव्हा. विचारलं, का कापल्यास? तीन वेळा एकच उत्तर. ‘मी संपादक आहे, मला वाटलं, कापल्या.’ चूक झाली म्हणाला असता तर मी तिथंच विसरलो असतो. आईच्या समोर मी त्याला म्हणालो, तू माझा भाऊ नाहीस, कात्री आहेस. आई रडली. हा हूं का चूं बोलला नाही.”

मी चहा पीत होतो. थोरले असं का म्हणाले असतील? त्यांनी कापल्या नव्हत्या. बहुधा त्यांनाही वाटलं असेल की आपणच कधीतरी कापल्या. संपादक दिवसाकाठी इतकं कापतात.

निघताना धाकटे दारापर्यंत आले. “सोळाला येईन. ऐकायला. मला उठवून बोलायला लावलंस तर बघ.”

ठरवलं. सोळाला, व्याख्यानात, सगळ्यांसमोर सांगायचं. गुन्हा चारचौघांत झाला, कबुलीही चारचौघांत. हे जास्त शोभेल. शिवाय चार दिवसांनी असं काय बिघडणार आहे.

१५ मार्च

टिपणं पुन्हा उतरवून काढली. खिडकी, रोपटं, गुडघा, कविता, असा क्रम. शेवटी कबुली. कबुलीची वाक्यं सहा वेळा लिहिली. पहिलं फार रडकं झालं, दुसरं फार अलंकारिक. तिसऱ्यात एक उपमा चांगली साधली आहे, ती ठेवली.

१६ मार्च, रविवार

चाळीस माणसं होती. पहिल्या रांगेत धाकटे, काठीवर हनुवटी.

खिडकीवर बोललो, रोपट्यावर लोक हसले, कविता म्हटली तेव्हा मागून दोघांनी माझ्याबरोबर म्हटली. मास्तरांची आठवण निघाली, मग ती निघाली तर आवरेना. ती टिपणात नव्हती. घड्याळाकडे पाहिलं तर चाळीस मिनिटं होऊन गेली होती, आणि कबुली कागदावर राहिली होती.

प्रश्न सुरू झाले. दातांचे डॉक्टर उठले. ते मंडळातले जुने भांडखोर. “माझं मत आहे की त्यानं बटण दाबलं नाही. ती व्यवस्थेवर टीका आहे.”

“कसली टीका,” एक आजीबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. “दाबलं त्यानं. बायको असती तर तिनं दाबायला लावलं असतं.”

हशा झाला. डॉक्टर मला म्हणाले, “छापलेल्या शेवटाचं धाडस तुम्ही कसं पाहता? त्या काळी असा अर्धा शेवट करायला छाती लागत होती.”

हीच वेळ होती. कागद हातात होता. धाकटे पाहत होते. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, “लेखक समोर बसलेत. त्यांनाच विचारा.”

धाकटे उठले नाहीत. बसूनच म्हणाले, “तो शेवट माझा नाही. ज्यानं केला त्याला विचारा.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केवढा विनय, असं ग्रंथपाल बाई आभार मानताना म्हणाल्या. धाकटे काठी उचलून माझ्याशी न बोलता गेले.

१७ मार्च

दहा वाजता रुग्णालयातून लेकीचा फोन. पहाटे थोरल्यांना दुसरा झटका आला. जीव आहे. बोलणं गेलं. कळतं का, ते सांगता येत नाही.

१९ मार्च

काल वही उघडून बंद केली.

आज लेकीला सांगितलं. तबक, फूल, खिसा, सगळं. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे, नुसते हळू झाले.

“म्हणजे मी झाले त्या दिवशी.”

“तुझा काही दोष नाही त्यात.”

“माझा कसा असेल? मला वाटायचं, बाबांना मुलगा हवा होता. दर वाढदिवसाला तुम्ही असं तोंड करून बसायचात. आईला विचारलं तर म्हणायची, तो स्वभावच आहे त्यांचा.” तिनं देठ बाजूला सारले. “आईला माहीत होतं?”

“नाही.”

“चव्वेचाळीस वर्षं, बाबा.”

मी म्हणालो, सोळाला सांगणारच होतो, लिहूनही नेलं होतं. तिसरा मसुदा चांगला उतरला होता. ती उठली. मग म्हणाली, “चपला घाला.”

“आज धाकट्यांना बरं वाटत नसेल. उद्या—”

“उद्या मीच सोडते. दारात उभी राहते. आत तुम्ही जायचं.”

२० मार्च

सांगितलं.

धाकट्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. हातातलं घड्याळ खाली ठेवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, “पुन्हा सांग. खिळ्यांचं.”

“सांडले. मी तसेच टाकून गेलो. तिसऱ्या दिवशी आलो तर खणात लावलेले होते. झाडणाऱ्या म्हाताऱ्यानं—”

“त्याला वाचता येत होतं?”

येत नव्हतं. पगाराला अंगठा उठवायचा. आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते ओळखून नेमक्या खणात टाकायला निदान वर्षभराची सवय लागते. आम्हा पाचांपैकी कुणी लावले असते तर मला महिनाभर ऐकवलं असतं. आमच्याखेरीज ती सवय छापखान्यात एकाच माणसाला होती. थोरले स्वतः जुळारी म्हणून सुरू झाले होते.

“त्यानं फरशीवर बसून माझ्या अकरा ओळी वेचल्या,” धाकटे म्हणाले. “म्हणजे कुणी पाडल्या ते त्याला त्याच दिवशी कळलं. आणि मला म्हणाला, मी कापल्या.”

“का पण?”

“छापखान्याचा मालक माणूस कसला होता आठवतं का तुला? पान बुडवणाऱ्याला त्यानं एक दिवस ठेवला असता? तुझी बायको दवाखान्यात, पोर तीन दिवसांचं. त्यानं तुला वाचवलं, गाढवा. आणि मग आईसमोर मी जे बोललो, त्यानंतर तोही पेटला असेल. आमच्या घरात अहंकार वाटून दिलेला आहे, दोघांनाही सारखा.”

शुद्धलेखनामुळे नव्हतं तर. खिळ्यांपासून लांब ठेवायला मला मुद्रितांवर बसवलं.

मी म्हणालो, “माफ करा.” तो शब्द इतका छोटा निघाला की मलाच ऐकू आला नाही.

मग मी विचारलं, “त्या ओळींत काय होतं?”

“तो बटण दाबतो. दाबणारच. रोजचं काम आहे त्याचं. मग चहाचं आधण ठेवतो, गुडघ्याला तेल लावतो. एवढंच होतं. साधी गोष्ट लिहिली होती मी, तिचं तुम्ही सगळ्यांनी कोडं केलंत. टीव्हीवाल्याला सांगितलं, अजून अकरा ओळी आहेत. तो म्हणाला, त्या नकोत, असंच छान आहे. त्यानंतर लिहायला बसलो की वाटायचं, माझं चांगलं ते कापल्यावरच चांगलं होतं. मग बसायचंच सोडलं.”

“ओळी आठवतात?”

“काय होतं ते आठवतं. ओळी नाही. चहाचं वाक्य मी तीन दिवस घासलं होतं. ते गेलं.”

थोरल्यांना पाठ आहेत, त्यांनी म्हणून दाखवायची तयारी केली होती आणि मी नळी तपासत बसलो, हेही सांगितलं. ते का सांगितलं कळत नाही. सांगायला सुरुवात झाली की थांबता येत नाही, याचीच इतकी वर्षं भीती होती.

या एका गोष्टीवर धाकट्यांनी घड्याळ खाली ठेवलं. “जा तू,” म्हणाले. “लेकीला म्हणावं, मला रुग्णालयात सोड. तू चालत जा.”

२१ मार्च

काल ती त्यांना घेऊन गेली. मी चालत गेलो आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं.

धाकटे खाटेशी उभे होते. काठी कुठं ठेवावी ते कळत नव्हतं त्यांना. शेवटी थोरल्यांच्या पायाशी ठेवली.

“आलोय,” म्हणाले. “भांडायला बोलावलं होतंस ना. ऊठ.”

मग खाटेवर वाकले.

“जुळाऱ्यानं सांगितलं सगळं. तुला दोन शब्द बोलता आले नाहीत? चार भिंतींत, माझ्यापुरते? मी काय गावभर दवंडी पिटणार होतो?”

थोरल्यांचे डोळे उघडे होते, छताकडे. लेकीनं आत जाऊन हळूच सांगितलं की त्यांना ऐकू येत असेल, नसेल, आपण बोलत राहावं. धाकटे तिला म्हणाले, “काय बोलू? माझं सगळं बोलणं त्याच्याविरुद्ध तयार केलेलं आहे. चव्वेचाळीस वर्षांचं. दुसरं नाही माझ्याकडे.”

मग खुर्ची ओढून बसले. तासभर खुर्चीचा आवाजही झाला नाही.

बाहेर आले तेव्हा मी उभा राहिलो. माझ्या खांद्यावरून भिंतीकडे पाहत म्हणाले, “मजल्यावर परिचारिका दोन, खाटा चौदा. पाणी चमच्यानं द्यावं लागतं, कूस बदलावी लागते. सकाळी सात ते एक तू. एक ते सात मी. तो एकटा राहता कामा नये. माझ्याशी बोलायचं कारण नाही.”

“बरं,” म्हणालो.

२४ मार्च

एका वेळी अर्धा चमचा. गालाच्या चांगल्या बाजूनं. गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. अर्ध्या भांड्याला चाळीस मिनिटं लागतात; माझं व्याख्यान मावलं असतं एवढ्यात.

मी त्यांना सगळं सांगितलं. काल एकदा, आज एकदा. खिळे तुम्ही लावलेत हे कळलं, म्हणालो. डोळे छताकडे. त्यांचा उजवा हात चादरीवर सारखा हलतो. दोन दिवस मी त्यात काहीबाही शोधत होतो. वाटलं, मुद्रितावर दुरुस्तीच्या खुणा करायचे तसं काही करतायत. समासात रेघ, मग वळण. कागदावर उतरवूनही पाहिलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की हात असा हलतो. त्याला अर्थ नसतो.

कागद फाडला.

२५ मार्च

कविता म्हणून पाहिल्या. तिसरीतल्या सगळ्या. शेजारच्या खाटेवरचा रोगी म्हणाला, “आजोबा, जरा हळू, माझा डोळा लागत होता.” हळू म्हटल्या. थोरल्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या माणसाला मात्र झोप लागली.

२८ मार्च

आम्ही दारात एकमेकांना ओलांडतो. एक वाजता मी बाहेर, ते आत. सुरुवातीला नुसती मान वळवायचे. परवापासून विचारतात.

“पाणी?”

“एक भांडं.”

“कूस?”

“अकराला बदलली. पाठीला लाल झालंय थोडं, परिचारिकेला दाखवलं.”

एवढंच. डॉक्टर म्हणतात, महिना जाईल, दोन जातील, सांगता येत नाही. सुधारणा विचारू नका.

आज मी जिन्यापर्यंत गेलो होतो, मागून हाक आली. धाकटे दारात उभे होते.

“त्याची नखं वाढलीत. चादरीत अडकतात. माझ्यानं होत नाही, हात थरथरतो. उद्या येताना नखं कापायचं आण.”

“आणतो.”

“जपून काप. कातडी पातळ झालीय त्याची.”

आत्ता कपाटातून ते शोधून काढलं, गरम पाण्यानं धुतलं, पिशवीत ठेवलं. जवळचं दिसायचा चष्माही ठेवला. नखांना तो लागेल.